वाफेतून जीन फुप्फुसात: हा उपचार काय आहे आणि आपल्या वस्तीपर्यंत तो कधी येणार?

गेल्या पावसाळ्यात मावळातील एका वस्तीत, विहारातील रविवारची वंदना आटोपल्यावर एक आई आमच्याजवळ थांबली. कडेवर चार वर्षांचा मुलगा होता, पण अंगाने दोन वर्षांच्या मुलाएवढा. जन्मल्यापासून त्याचा खोकला सुटला नव्हता. कोणी बाळदमा सांगितला, कोणी टीबीची औषधे दिली, कोणी कुपोषण म्हणून खाऊचे पुडे दिले. शेवटी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात मुलाच्या घामाची तपासणी झाली आणि आजाराचे नाव कळले: सिस्टिक फायब्रोसिस. नाव कळताच घरच्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली. एका व्हिडिओत सांगितले होते की, आता मशीनच्या वाफेतून जीन फुप्फुसात सोडतात आणि आजार मुळापासून जातो. घरात जमीन विकायची बोलणी सुरू झाली. आईने आम्हाला एवढेच विचारले, "ताई, हे खरं आहे का? जमीन विकली तर माझं पोरगं बरं होईल का?"

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण समाजशास्त्राचे आणि काम वस्तीतले. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढचे काही आठवडे आम्ही डॉक्टरांना विचारले, वाचले, आणि जे समजले ते आमच्या युवकांच्या अभ्यासवर्गात मांडले. कालाम लोकांना भगवंतांनी सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, तपासून पाहा. ही कसोटी मोबाइलवरच्या व्हिडिओलाही लागू होते. हा लेख त्या तपासणीतून तयार झाला आहे.

जीन म्हणजे काय आणि ती बिघडते म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक मजकूर असतो. त्या मजकुरातील एकेका परिच्छेदाला जीन किंवा जनुक म्हणतात. एक जीन म्हणजे साधारणपणे एक प्रथिन कसे बनवायचे याची कृती. पेशी त्या कृतीची एक तात्पुरती नक्कल काढते. तिला एमआरएनए म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. मूळ कृतीत चूक असली तर प्रथिन बिघडलेले निघते किंवा निघतच नाही.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर नावाची जीन बिघडलेली असते. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिओर्डन यांच्या गटांनी ती शोधून काढली. या जीनपासून बनणारे प्रथिन पेशीच्या भिंतीत दारासारखे बसते आणि मिठातील क्लोराइडची ये-जा सांभाळते. हे दार बिघडले की फुप्फुसातील पातळ ओलावा आटतो आणि श्लेष्मा, म्हणजे बेडका, डिंकासारखा घट्ट होतो. त्यात जंतू घर करतात. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो आणि फुप्फुस हळूहळू झिजत जाते. स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. घामातून मीठ जास्त जाते. मुलाचा मुका घेतला की ओठाला खारट लागते, असे अनेक आयांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलेले आहे.

आरोग्य कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे: सतत छातीचा त्रास, वाढ खुंटलेली, तेलकट व दुर्गंधी शौच, खारट घाम. ही चारही लक्षणे एकाच मुलात दिसली तर "घामाची तपासणी करता येईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. हा आजार गोऱ्या लोकांचा आहे, आपल्याकडे होत नाही, असा समज बराच काळ होता. म्हणून आपल्याकडची कित्येक मुले टीबी किंवा कुपोषणाच्या नावाखाली राहून जातात.

दोष कुणाचा?

त्या आईला सासरी ऐकावे लागले होते की, "तुझ्याच रक्तात खोट." हे साफ चूक आहे. या आजारासाठी बिघडलेली जीन आई आणि वडील या दोघांकडूनही यावी लागते. ज्याच्याकडे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते तो स्वतः निरोगी राहतो, त्याला कळतही नाही. असे दोघे एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांचा वाटा सारखाच. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याच्या प्रथेमुळे अशा आजारांची शक्यता वाढते, कारण एकाच पूर्वजाची बिघडलेली प्रत दोघांकडे असू शकते. याबद्दल आपल्या घरांत मोकळेपणाने बोलायला हवे. पण त्यासाठी एकट्या बाईला दोषी ठरवणे हा अज्ञानावर उभा असलेला अन्याय आहे.

आणखी एक सावधगिरी. "जीन" हा शब्द आला की काही लोक लगेच जात आणि गुणवत्ता रक्तात शोधू लागतात. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीला वंशशुद्धीच्या शास्त्राचा टेकू देणाऱ्यांचा युक्तिवाद खोडून काढला होता. एखाद्या जीनमधील चूक हा आजार असतो. त्यावरून माणसाची किंवा समूहाची प्रत ठरत नाही.

श्वासातूनच का द्यायचे?

जीन थेरपीची कल्पना सोपी आहे: पेशीत चांगल्या कृतीची प्रत पोहोचवायची म्हणजे पेशी स्वतःच योग्य प्रथिन बनवील. कठीण आहे ते पोहोचवणे. शिरेतून इंजेक्शन दिले तर असे औषध बहुतांशी यकृतात जाऊन अडकते आणि फुप्फुसाच्या आतल्या अस्तरापर्यंत फार थोडे पोहोचते. उलट श्वासाची वाट थेट त्या अस्तरावर उघडते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या, म्हणजे वायुकोश, तीस कोटींहून अधिक असतात. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या आसपास जागा व्यापतील. एवढे मोठे अंगण बाहेरच्या हवेला खुले आहे.

शिवाय ही वाट आपल्या ओळखीची आहे. मुलाला धाप लागली की आपण "वाफ द्यायला" नेतो. खरे तर नेब्युलायझर वाफ देत नाही. वाफ पाणी तापवून होते. नेब्युलायझर द्रव औषधाचे न तापवता बारीक तुषार करतो. कधी हवेच्या जोराने, कधी सूक्ष्म भोके असलेली जाळी थरथरवून. त्यात दम्याचे औषध घालतात तसे जीन वाहून नेणारे औषध घालता येईल का, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी हाती घेतला.

इथे एक गैरसमज दूर करू. आज आपल्या दवाखान्यात नेब्युलायझरमधून किंवा पंपातून मिळणारी साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड ही औषधे जीनला हात लावत नाहीत. ती नळ्या मोकळ्या करतात किंवा सूज कमी करतात. त्यांची भीती बाळगून मुलाचा दमा अंगावर काढू नका.

घाटातला पाऊस आणि घाटातले धुके

तुषार किती बारीक असावा, यावर सगळे अवलंबून आहे. हे समजायला लोणावळ्याचा जुलै महिना पुरेसा आहे. पावसाचा मोठा थेंब सरळ पत्र्यावर आदळतो. खंडाळ्याचे धुके मात्र वळणावळणाने सरकत दाराच्या फटीतून घरात येते आणि आतले कपडेसुद्धा दमट करते. फुप्फुसातही असेच होते. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्यांना पुन्हा फाटे, असे साधारण तेवीस वेळा होते. प्रत्येक फाट्यावर वळण आहे. पाच मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब वळण घेऊ शकत नाही. बोरघाटात वेगात आलेला अवजड ट्रक कठड्याला धडकावा तसा तो घशाला आणि वरच्या नळ्यांना चिकटतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण इतके हलके असतात की बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. एक ते पाच मायक्रॉनचा तुषार खोल पोहोचून तिथे टिकतो. तरीही मशीनमध्ये घातलेल्या औषधाचा मोठा हिस्सा मशीनमध्ये, हवेत आणि तोंडात राहून जातो.

त्यात आणखी एक अडचण आहे. डीएनएचा धागा लांब आणि नाजूक असतो. तुषार करताना बसणाऱ्या हिसक्यांनी तो तुटू शकतो. म्हणून त्याला आधी आवरण द्यावे लागते, आणि त्या आवरणाने मशीनचा मार खाऊन शाबूत राहावे लागते.

इथे आम्हाला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. हा मापाचा नियम औषधापुरता नाही. मावळ-हवेलीच्या पट्ट्यातील खडी क्रशरवर जो बारीक पांढरा धुरळा उडतो, त्यातील सिलिकाचे सर्वांत घातक कण याच मापाचे असतात. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडते. जी दिसत नाही ती खोल जाते. जी वाट औषधासाठी शास्त्रज्ञ तीस-पस्तीस वर्षे शोधत आहेत, ती धुरळ्याला आधीपासून माहीत आहे.

फुप्फुसाचे पहारेकरी

फुप्फुस रोज हजारो लिटर हवा आत घेते. त्यातून येणारे जंतू व धूळ रोखण्यासाठी त्याने पक्का बंदोबस्त केला आहे. पहिला पहारा श्लेष्माचा: येईल ते चिकटवून ठेवायचे. त्याखाली केसांसारखे सूक्ष्म तंतू सतत हलत असतात. ते हा श्लेष्मा वर ढकलतात आणि आपण तो गिळतो किंवा थुंकतो. खोल वायुकोशांत भक्षक पेशी फिरत असतात, त्या आलेला कण गिळून टाकतात. त्याशिवाय रक्तातील प्रतिपिंडे आहेत, जी एकदा पाहिलेला विषाणू दुसऱ्यांदा लगेच ओळखतात.

औषधाच्या दृष्टीने हे सगळेच अडथळे आहेत. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तर श्लेष्माच इतका दाट असतो की ज्या पेशीला औषध हवे तिच्यावरच जाड थर बसलेला असतो. शिवाय अस्तराच्या पेशी काही आठवड्यांनी वा महिन्यांनी झडून नव्या येतात. आज दुरुस्त केलेली पेशी उद्या नसते. त्यामुळे औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते, आणि पुन्हा दिले की प्रतिपिंडे ते ओळखून अडवतात. या पेचातच बराच काळ गेला.

गाडी आणि सामान

जीन एकटी पेशीत शिरत नाही. तिला गाडी लागते. गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत.

पहिली गाडी विषाणूची. विषाणूला पेशीत शिरण्याची कला जन्मतःच येते. त्यातील आजार करणारा भाग काढून तिथे हवी ती जीन भरतात. सर्दीचा अ‍ॅडिनोव्हायरस पहिल्यांदा वापरला गेला. पण तो पेशीच्या ज्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी श्वासनलिकेच्या पेशींच्या मागच्या अंगाला असते, हवेच्या बाजूला नाही. दुसरा विषाणू एएव्ही. तो शांत आहे, पण त्याची डिकी लहान: साधारण ४,७०० अक्षरांची. सीएफटीआरची कृतीच सुमारे ४,४४० अक्षरांची आहे. ती वाचली जावी म्हणून जोडावी लागणारी कळ बसवायला जेमतेम जागा उरते. तिसरा लेंटिव्हायरस. तो जीन थेट पेशीच्या डीएनएमध्ये गुंफतो, म्हणून परिणाम अधिक काळ टिकण्याची आशा आहे. पण नको त्या जागी गुंफली गेली तर धोकाही आहे, त्यामुळे त्यावर दीर्घकाळ नजर ठेवावी लागते.

दुसरी गाडी चरबीच्या थेंबाची. चरबीच्या बारीक गोळीत डीएनए किंवा एमआरएनए भरतात. यात विषाणू नसतो, म्हणून ती पुन्हा देणे सोपे. पण पेशीत शिरण्याचे तिचे कसब कमी. एमआरएनए भरला तर तो काही दिवसांत विरघळून जातो, म्हणजे डोस चालूच ठेवावे लागतात.

फुप्फुसातील पेशीत टाकलेली जीन मुलाबाळांत उतरावी, असा या उपचाराचा हेतूही नाही आणि तशी त्याची रचनाही नाही. ज्याच्यावर उपचार झाला त्याच्या अपत्याला मूळ बिघडलेली प्रत जाऊ शकतेच.

तीस वर्षांत काय झाले?

१९९३ मध्ये अमेरिकेत डॉ. रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने अ‍ॅडिनोव्हायरसमधून सीएफटीआर जीन पहिल्यांदा रुग्णांच्या नाकात व श्वासनलिकेत सोडली. जीन पोहोचते हे दिसले, पण परिणाम टिकला नाही आणि मोठ्या डोसानंतर एका रुग्णाच्या फुप्फुसाला तात्पुरती पण तीव्र सूज आली. पुढे एएव्ही तुषाररूपाने देऊन पाहिला. तो सुरक्षित वाटला, पण श्वासाच्या क्षमतेत अपेक्षित फरक पडला नाही. दरम्यान १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण यकृताच्या आजारासाठीच्या जीन थेरपी चाचणीत दगावला. तिथे औषध श्वासातून नव्हे, रक्तवाहिनीतून दिले होते. पण त्या मृत्यूने सगळ्या जगाला धोका आणि संमती यांबद्दल नव्याने विचार करायला लावला.

२०१५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी एक महत्त्वाचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांनी चरबीच्या थेंबातील डीएनए नेब्युलायझरने महिन्यातून एकदा, असे वर्षभर दिले. ज्यांना खोटे औषध दिले होते त्यांची फुप्फुसाची क्षमता घटली. ज्यांना खरे दिले त्यांची जवळपास टिकून राहिली. दोन्ही गटांतील फरक सुमारे ३.७ टक्के होता. हा फरक लहान आहे, याने कोणी बरे झाले नाही. पण श्वासातून पुन्हा पुन्हा दिलेली जीन काही काम करते, हे पहिल्यांदा पुराव्याने दिसले.

त्यानंतर एमआरएनए आला. एका अमेरिकी कंपनीच्या श्वासातून द्यायच्या एमआरएनएची चाचणी २०२१ मध्ये निराशाजनक ठरली. मग मोडर्ना आणि व्हर्टेक्स यांनी मिळून दुसरे औषध चाचणीत आणले. नव्या घडणीचा एएव्ही आणि श्वासातून द्यायचा लेंटिव्हायरस यांच्याही माणसांवरील चाचण्या परदेशात सुरू झाल्या. पण हा लेख लिहीपर्यंत फुप्फुसाच्या कोणत्याही आजारासाठी श्वासातून द्यायची जीन थेरपी रोजच्या वापरासाठी मंजूर झालेली नाही. व्हिडिओ पाहून जमीन विकायला निघालेल्या कुटुंबासाठी हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे.

मग काहीच आशा नाही का? आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या अनेक रुग्णांसाठी बिघडलेल्या प्रथिनाला सावरणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. त्यातील ट्रायकाफ्टा हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तेव्हा तिथे त्याची वर्षाची किंमत सुमारे तीन लाख डॉलर होती. ही गोळी ठरावीक बिघाडांवरच चालते. युरोपात सर्वाधिक आढळणारा बिघाड भारतीय रुग्णांत तुलनेने कमी आढळतो. म्हणजे आपल्या काही मुलांना ती गोळी मिळाली तरी लागू पडणार नाही. जीन थेरपीचे महत्त्व इथे आहे. बिघाड कोणताही असो, चांगली प्रत तीच असते.

आपल्या जवळ काय घडले?

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, पण श्वासावाटे औषध देण्याच्या प्रयोगाचा एक मोठा अध्याय पुण्याशी जोडलेला आहे. गोवराची लस सुईऐवजी तुषाराने देता येईल का, याची मोठी चाचणी भारतात झाली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे संशोधक त्यात होते आणि लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची होती. नऊ ते बारा महिन्यांची २,००४ बाळे त्यात सहभागी झाली. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: तुषाराने लस दिलेल्या बाळांपैकी ८५.४ टक्क्यांत प्रतिकारशक्ती दिसली, सुईने दिलेल्यांत ९४.७ टक्क्यांत. लस तुषाराने सुरक्षित होती, पण सुईच्या बरोबरीची ठरली नाही. म्हणून आपल्या अंगणवाडीत आजही गोवराची सुईच आहे. ऐकायला सोयीचे वाटते ते मोजून पाहिल्यावर कमी भरू शकते, हा धडा आपल्याच जिल्ह्यातील शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे जगाला दिला.

कोविडकाळात जग आणखी पुढे गेले. २०२२ मध्ये चीनने कॅन्सिनो कंपनीची तोंडाने ओढून घ्यायची लस मंजूर केली. त्यात अ‍ॅडिनोव्हायरसच्या गाडीतून कोरोनाच्या काट्याची जीन श्वासमार्गात जाते. हा उपचार नव्हे, लस आहे. पण जीन श्वासातून देऊन लाखो लोकांसाठी वापरता येते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे भारत बायोटेकची नाकात थेंब घालायची लस जानेवारी २०२३ मध्ये आली. आणि मावळच्या शेजारी, हिंजवडीतील जेनोव्हा कंपनीने देशाची पहिली एमआरएनए लस बनवली. तिला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली.

घाट उतरून पनवेलकडे गेलो की खारघर लागते. तिथे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आहे. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी नेक्सकार-१९ ही देशी जीन थेरपी घडवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशातील अशा उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती मिळते. देशात, सार्वजनिक संस्थांत घडवले की किंमत उतरते, याचा हा पुरावा. पण दहावा हिस्सा म्हणजेही लाखोंचा आकडा आहे. क्रशरवर रोजंदारी करणाऱ्याच्या आयुष्यभराच्या कमाईपुढे तो आकडा ठेवून पाहा.

जे जीनचे आजार नाहीत

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "माझे वडील वीस वर्षे खाणीत होते. त्यांना ही थेरपी चालेल का?" नाही. सिलिकोसिस जीनमुळे होत नाही, धुरळ्यामुळे होतो. त्यावर आज बरे करणारे औषध नाही आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोकाही वाढतो. तो टाळण्याचे उपाय मात्र जुने व स्वस्त आहेत: दगड फोडताना पाण्याचा फवारा, यंत्राला झाकण, योग्य मास्क, कामगारांची नियमित छाती तपासणी. १९४८ च्या कारखाने कायद्यातही सिलिकोसिस हा नोंद करावाच लागणारा आजार होता. चुलीचा धूर, गटारातील विषारी वायू, दाट वस्तीतील टीबी, यांपैकी कशालाही जीन थेरपी उत्तर नाही. नव्या विज्ञानाचे कौतुक करताना जुन्या उपायांची मागणी मागे पडू देऊ नका. ज्या फुप्फुसांना पाण्याच्या फवाऱ्याची गरज आहे त्यांना जीनची स्वप्ने दाखवणे, हीदेखील एक फसवणूक आहे.

चाचणी, संमती आणि आपण

पुढच्या काळात अशा चाचण्या आपल्याकडेही येतील. त्यांना सरसकट विरोध करणे चूक, कारण आपल्या लोकांवर तपासल्याशिवाय औषध आपल्या लोकांना लागू पडते का, हे कळणार नाही. पण इतिहास विसरणेही चूक. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एका प्रकल्पात एचपीव्ही लस दिली गेली, तेव्हा पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या संमतिपत्रांवर घेतल्याचे पुढे आले. संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असणे आणि ती देण्याची पद्धत न्याय्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून कोणत्याही "जीन" उपचाराची किंवा चाचणीची गोष्ट वस्तीत आली तर हे प्रश्न विचारा:

१. ही चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का? २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कोणालाही मोफत पाहता येते.

२. कोणत्या नैतिकता समितीने परवानगी दिली? तिचे पत्र दाखवा.

३. संमतिपत्र मराठीत, किंवा त्या कुटुंबाच्या भाषेत, वाचून समजावले का? घरी नेऊन विचार करायला वेळ दिला का?

४. मधेच नाही म्हटले तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? कायद्याने राहिलेच पाहिजेत.

५. इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार? २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांत याची तरतूद आहे.

६. चाचणीच्या औषधाचे पैसे मागत आहेत का? मागत असतील तर तिथेच थांबा.

७. चाचणी यशस्वी झाली तर ज्या लोकांवर ती झाली त्यांना हे औषध परवडेल का? हा प्रश्न अर्जात नसतो. तो आपणच विचारायचा आहे.

त्या आईला आम्ही काय सांगितले?

आम्ही सांगितले की, जमीन विकू नका. व्हिडिओत दाखवलेला उपचार आज कुठेही विकत मिळत नाही. जो विकतो म्हणेल तो फसवतो आहे. आज जे मिळते त्यात खूप काही आहे: छाती थोपटून श्लेष्मा सोडवण्याचा व्यायाम, नेब्युलायझरमधून खारे पाणी, जेवणाबरोबर पाचक एन्झाइम, जास्त उष्मांकाचा व मिठाचा आहार, संसर्ग दिसताच प्रतिजैविके. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिस आहे. त्या धोरणाखाली ठरवून दिलेल्या केंद्रांतून पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय असे एक केंद्र आहे. कागदपत्रे गोळा करायला आमचे दोन कार्यकर्ते त्यांच्याबरोबर फिरले. अर्ज गेला आहे. मुलगा बरा झालेला नाही, पण या हिवाळ्यात त्याचे वजन पावणेदोन किलोने वाढले. छाती थोपटायला त्याची आजी शिकली आहे. तीच आजी, जी आधी सुनेच्या रक्तात खोट काढत होती.

निघताना आईने आणखी एक प्रश्न विचारला: "ताई, ते औषध खरंच निघालं, तर आम्हाला कळेल का?"

शास्त्रज्ञ हे औषध एक दिवस फुप्फुसाच्या शेवटच्या फाट्यापर्यंत पोहोचवतील, असे आम्हाला वाटते. पण फुप्फुसाच्या फाट्यांपेक्षा रुग्णालय आणि वाडी यांच्यातले फाटे जास्त आहेत, आणि तिथपर्यंत ते पोहोचवणे हे शास्त्रज्ञांचे काम नाही. ते आपले आहे. प्रत्येक विहारात विज्ञान वाचणारे चार तरुण असावेत, प्रत्येक गावात घामाची तपासणी हा शब्द माहीत असलेली एक आशाताई असावी, आणि प्रत्येक क्रशरवर पाण्याचा फवारा चालू आहे का हे पाहणारा एक कार्यकर्ता असावा. मग त्या आईला "हो, कळेल" असे सांगताना आमचा आवाज अडखळणार नाही.

जय भीम!